खुल्या फोनचा आवाज

भाची : मग तू गप्प का बसलीस, मावशी? भरल्या सभेत त्या कंपनीवाल्यानं तुझ्या हातात फोन ठेवला, सगळे टाळ्या पिटत होते, आणि तू नुसती मान हलवलीस. मी एकटी वेड्यासारखी ओरडत राहिले.

मावशी : आधी चपला काढ. ओरडत होतीस हे कबूल करतेस, तेवढं बरं.

भाची : ओरडू नको तर काय करू? इतकी वर्षं दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर जमतोय आपण. कशासाठी? तर खुला फोन येणार! आत काय चाललंय ते कुणीही वाचावं, कुणीही बदलावं, कसली लपवाछपवी नाही. पडद्यावरचा एकेक शब्द आपण मराठीत आणला. 'डिलीट'ला 'पुसा' म्हणायचं की 'काढून टाका', यावरून त्या फोटोवाल्यानं आणि शिवणकामवाल्या बाईंनी धरलेला अबोला अजून सुटला नाही.

मावशी : शेवटी 'पुसा' राहिलं ना?

भाची : राहिलं. तुझा आवाज तेवढा राहिला नाही.

मावशी : ते कळलं मला. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत.

भाची : अख्खा उन्हाळा तू त्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून, पंखा बंद करून, घामानं निथळत वाक्यं म्हणत होतीस. 'चार गुरांना चारा घाल.' 'जाडजूड जाजम झटक.' खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना दिसत नाही त्यांना फोननं आपल्या भाषेत वाचून दाखवावं म्हणून! आणि आज तो कंपनीचा पाहुणा ऐटीत येतो, फोन सुरू करतो, आणि आतून कोण बोलतं? कुठली तरी साखरेत घोळलेली बया!

मावशी : आवाज तरुण होता. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा होता. 'चारा' म्हणताना 'चार'मधला च लावला तिनं, गुरं उपाशी मरायची. पण बाकी ठीक.

भाची : तुला रागच येत नाही का गं?

मावशी : माझा आवाज घेतला नाही म्हणून? छे. टेलिफोन एक्सचेंजात जन्म गेला माझा. आज मी बोलले, उद्या शेजारची बोलली, लोकांना फोन लागल्याशी मतलब. मला राग आला तो नंतर. तू नेट बंद करायला सांगितलंस तेव्हा.

भाची : 'नेट बंद करा आणि आता वाचायला लावा', एवढंच म्हणाले मी.

मावशी : आणि माझ्या हातातला फोन मुका झाला. मी बोट फिरवतेय, फिरवतेय, कशाचा पत्ता नाही. एवढ्या माणसांत मला कुणीतरी पुन्हा आंधळं केल्यासारखं वाटलं बघ.

भाची : आणि तो हसला! 'आजकाल नेटशिवाय कोण राहतं?' म्हणे. त्यानं हसावं एक वेळ, त्याला पगार मिळतो. पण आपली माणसंही खी खी करत होती. अध्यक्षांनी तर माझ्या हातातला माइकच काढून घेतला. अध्यक्ष म्हणे! कुणी निवडून दिलंय त्यांना?

मावशी : खुर्च्या तो मांडतो, म्हणून अध्यक्ष. त्याचं राहू दे. मला नीट समजावून सांग, नेट गेल्यावर ती बाई मुकी का झाली?

भाची : कारण ती फोनमध्ये नाहीच. समज, धाकट्या मावशीचं तुला पत्र आलं. फोन ते आधी भलत्याच एका कंपनीच्या मशीनकडे पाठवणार. ते मशीन वाचणार, त्याचा आवाज बनवणार, परत पाठवणार, मग तुझ्या कानावर पडणार. तुझा आवाज आपण फोनच्या पोटातच बसवला होता, बाहेर काही जायचंच नाही. हा विकत आणलेला आवाज कुलूपबंद आहे. तिकडे काय करतात, काय ठेवून घेतात, कुणाला बघता येत नाही.

मावशी : म्हणजे माझं पत्र माझ्या आधी परक्यानं वाचायचं.

भाची : हो.

मावशी : डॉक्टरची चिठ्ठी. बँकेचा निरोप. धाकटी नवऱ्याबद्दल काय काय लिहिते ते.

भाची : सगळं. ज्यांना दिसतं त्यांचं झाकलेलं राहणार. तुमचं तेवढं चव्हाट्यावर.

मावशी : थांब. जरा बसते मी.

भाची : पाणी देऊ?

मावशी : नको. आमच्या एक्सचेंजात एक रीत होती. जोड लावली, पलीकडचा बोलला, की लाइनीवरून आपला कान काढायचा. आमची मोठी बाई म्हणायची, ड्यूटीवर कान तुमचा नाही, मालकाला परत करा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक होती. गोड बोलायची, हसतमुख. ती कान काढायची नाही. एका शाळेतल्या बाईंनी डॉक्टरांना फोन केला, आपल्याला फिट येतात म्हणून. आठवड्यात सगळीकडे बभ्रा. शाळेनं बाईंना घरी बसवलं. पोरांसमोर पडली तर काय, म्हणे.

भाची : अगं बाई! मग?

मावशी : मग त्या बाई एक्सचेंजात आल्या. काचेपलीकडे उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. आमच्या एकेकीच्या तोंडाकडे बघत गेल्या. ऐकलं कुणी ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही.

भाची : हे कधी बोलली नाहीस.

मावशी : बोलण्यासारखं आहे काय त्यात? आणि आज ती शेजारची बसलीये माझ्याच फोनात, माझ्याच भाषेत बोलत, कान न काढता! वर लोक टाळ्या वाजवतायत! मी गप्प बसले कारण तोंड उघडलं असतं तर तोंडातून काय गेलं असतं याचा भरवसा नव्हता.

(दारावर थाप पडते. अध्यक्ष फोनचा खोका घेऊन आत येतात.)

अध्यक्ष : येऊ का? मावशी, अहो, तुम्ही न सांगताच निघून आलात. हा घ्या, पहिला फोन तुमचा! कंपनीनं खास तुमच्यासाठी ठेवलाय. आणि ही काय, रुसलीच आहे का अजून?

भाची : रुसायला मी तुमची मेहुणी नाही. माइक का काढून घेतलात?

अध्यक्ष : काय आहे ना, पाहुण्यांसमोर... प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. आणि हे बघ, नेटवरच्या आपल्या पानावर तू जे लिहिलंयस ना, 'खुल्या फोनमध्ये बंद आवाज', ते तेवढं पुसून टाक. लोक मघापासून मला विचारतायत. इतक्या दिवसांनी आनंदाचा दिवस उजाडलाय, त्यात मिठाचा खडा कशाला?

भाची : खडा मी टाकला?

मावशी : तू थांब गं. बस अध्यक्षा, खुर्ची ओढून घे. माझ्याकडे काय काम काढलंस?

अध्यक्ष : काही नाही, छोटासा व्हिडिओ. एक वाक्य फक्त. 'मी वाट पाहिली, आणि माझं वाट पाहणं सार्थकी लागलं.' तुमच्या तोंडून आलं की लोकांना बरं वाटेल.

मावशी : कुणाचं हे वाक्य?

अध्यक्ष : पाहुण्यांनी सुचवलं. तुम्ही थोडं इकडंतिकडं करा, हरकत नाही.

मावशी : माझा आवाज फोनात नको, जाहिरातीत हवा.

अध्यक्ष : असं नका ना बोलू, मावशी. जरा व्यवहार बघा. मोठ्या कंपनीनं हात दिला नसता तर हा फोन निघालाच नसता. त्यांच्या दोनचार अटी आल्या. मूल आधी रांगू तर द्या, मग चालेल. पुढच्या फोनमध्ये तुमचा आवाज घालतील.

मावशी : लबाडाघरचं आवतण, जेवल्यावर खरं. तू हे कधीपासून जाणतोस?

अध्यक्ष : काय?

मावशी : हेच. दुसरा आवाज विकत घेतलाय, आणि तो बाहेरून येतो. आज कळलं तुला? सभेत पोरीनं विचारल्यावर तू दचकला नाहीस. मला दिसत नसलं तरी दचकलेला माणूस ऐकू येतो.

अध्यक्ष : तसं... कानावर आलं होतं.

भाची : कधी?

अध्यक्ष : उन्हाळ्यात.

भाची : उन्हाळ्यात? ही तिकडे कोंडून घेऊन घसा फोडत होती तेव्हा? तुम्ही इथं येऊन तिला खडीसाखर देऊन गेलात हो! 'घसा जपा' म्हणालात!

अध्यक्ष : नक्की ठरलं नव्हतं तेव्हा! मला सांगितलं, इतक्यात बोलू नका, लोकांचा उत्साह ओसरेल. मी काय करणार होतो? तुम्हाला काय वाटतं, मला सोपं होतं? घरी बायको हसते, दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, 'आला का तुमचा फोन?' दर वेळी तोंड लपवत फिरायचं. मला एकदा, फक्त एकदाच, 'आला' असं सांगायचं होतं!

मावशी : आवाज चढवू नकोस. तुला 'आला' म्हणायचं होतं हे मला समजतं. आम्हा सगळ्यांनाच म्हणायचं होतं. पण त्यासाठी तू माझ्या दारात बसून माझ्याशी खोटं बोललास. बोलला नसशील, गिळलंस. माझ्या हिशेबी एकच.

अध्यक्ष : मावशी...

मावशी : आणि वर माझ्या पोरीला सांगतोस, पुसून टाक? तो शब्द आपण कशासाठी ठरवला होता? काढ तुझा फोन. व्हिडिओ हवा ना? कर सुरू.

अध्यक्ष : आता?

मावशी : पदर नीट आहे का गं माझा? हं. झाला सुरू? ऐका हो सगळे. मी तुमची वाचनालयाच्या माडीवरची मावशी. हा फोन चांगला आहे असं म्हणतात, असेलही. पण तो मला जे वाचून दाखवतो, ते आधी परक्याच्या कानात सांगतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आज नेट बंद केल्यावर कळलं. ज्यांना दिसत नाही त्यांची पत्रं काय रस्त्यावर पडलीत? जोवर हे बदलत नाही तोवर मी याला खुला म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. झालं. कर बंद. आणि पाठव सगळ्यांना.

अध्यक्ष : पाहुणा मला फाडून खाईल.

मावशी : खाऊ दे. निदान उघड उघड खाईल.

भाची : द्या इकडे, मी पाठवते.

अध्यक्ष : नको. मीच... मी पाठवतो. गेला.

मावशी : बरं केलंस. आता पोरी, तू सांग. बाकीचा फोन तरी खरोखर खुला आहे ना?

भाची : आहे. तेवढं खोटं नाही बोलले. तो आवाज उपटून आपला बसवता येईल. पण सोपं नाही, बरेच महिने जातील. आणि आपला आवाज तिच्याइतका लोण्यासारखा नाही येणार. मधेमधे अडखळेल.

मावशी : अडखळू दे. मीही अडखळते.

भाची : मावशी, लोक लिहायला लागले. एक म्हणतो, 'म्हातारीला काय कळतंय यातलं.' दुसरा, 'घरातच फितूर.' थांब, ही शिवणकामवाली बाई : 'मी आज हसले होते. मला लाज वाटते. काम असेल ते सांगा.' आणि खाली फोटोवाला : 'मी पण.'

मावशी : अबोला सुटला म्हणायचा.

अध्यक्ष : त्याचा फोन आला. पाहुण्याचा.

मावशी : मग उचल.

अध्यक्ष : हॅलो... हो साहेब. हो, मीच पाठवला. ...नाही, कुणी हॅक वगैरे नाही केलं. मावशींनी सांगितलं, मी पाठवला. ...नाही साहेब, काढता येणार नाही. ...तुमची अडचण समजते. मला आमची आधी समजायला हवी होती. ...हो, खोका परत पाठवतो.

मावशी : खोका कशाला परत? पोरीला लागेल तो, आवाज बसवून बघायला.

अध्यक्ष : साहेब, खोका नाही पाठवत. ...फोन ठेवला त्यानं. रविवारची माडी गेली, मावशी. तिचं आरक्षण हल्ली त्या कंपनीच्या नावावर होतं. आपण जमायचं कुठं? आता जमतील ते तरी कोण, मोजकेच.

मावशी : इथं जमू. तुझ्या खुर्च्या लागणार नाहीत, सतरंजी आहे. लिही सगळ्यांना : रविवारी नेहमीच्या वेळेला, मावशीच्या घरी. आणि आमच्या जिन्यातला दिवा गेलाय, तेही लिही. ज्यांना दिसतं त्यांनी कठड्याला धरून यावं.