आईने पास केलेली फर्नेस

तुम्ही हसाल, पण कॅनडात आमच्या एडमंटनच्या घरातली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, पास केली ती नागपूरहून आलेल्या माझ्या आईने.

झालं असं, की बेसमेंटमधल्या गॅसच्या जुन्या फर्नेसशेजारी लाकडावर चालणारी नवी बसवली आणि तिचे गरम हवा घरभर नेणारे डक्ट जुन्या डक्टला जोडले. पेटवली, तर बेसमेंटमध्ये घामाच्या धारा आणि वर बायको जॅकेट घालून बसलेली! बसवणारा डेव्ह म्हणाला, "गिव्ह इट टाइम." मी मेकॅनिकल इंजिनियर, मीही मान डोलावली.

आई म्हणाली, "पूजेशिवाय यंत्र चालतं का कधी?" तिने नव्या फर्नेसला उदबत्ती ओवाळली आणि जुनीकडे वळली.

"अगं आई, तिची कशाला?"

"धाकटी आली म्हणून थोरलीला विसरायचं का रे?"

जुनीच्या ज्या जाळीतून घरातली गार हवा आत ओढली जाते, तिथेच तिने उदबत्ती धरली. धूर आत जायचा सोडून भसकन डेव्हच्या तोंडावर आला!

डेव्हचा चेहरा पडला. नवीची गरम हवा वर न जाता जुनीतून उलटी बाहेर येत होती. ती अडवणारी झडप बसवायलाच तो विसरला होता. तासाभरात झडप लागली. आईने पुन्हा उदबत्ती धरली, धूर सरळ आत! वरून बायको ओरडली, "अरे, गरम येतंय!" तेव्हा कुठे आईने दोन्ही फर्नेसना कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी नवी फर्नेस तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने विचारलं, "हा लाल ठिपका कसला?"

मी तोंड उघडायच्या आत डेव्हच म्हणाला, "दॅट मीन्स इट पास्ड."