रोज वीस मिनिटं, मोठ्यानं

– नाही, नाही, सही माझीच आहे. गेल्या बाराही दिवसांच्या सह्या माझ्याच. कशाला नाकारू? बसा बाई, दाराशी गार लागतं, इकडं चुलीजवळ सरका. बेगायिमनं वर्गात सांगितलं ना, घरी कुणी वाचत नाही म्हणून? मग खरंच आहे ते. ती खोटं बोलत नाही, खोटं मी लिहिलं. ‘घरातल्या मोठ्या माणसाने आज वीस मिनिटे मोठ्याने वाचले’ – केली सही. तुमच्या शाळेचा उपक्रम चांगलाच आहे हो, मी कुठं काय म्हणतेय? घरोघर पुस्तकं वाटलीत तुम्ही. तो ट्रॅक्टरवाला इसाबेकसुद्धा रोज संध्याकाळी पोरांना समोर बसवून असा ओरडून वाचतो, रस्त्यापर्यंत ऐकू येतं. घ्या, नान घ्या, साय लावून घ्या.

मला वाचता येतं बरं का. गोठ्यावर कामाला होते तेव्हा दुपारी सगळ्या बायकांना वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचे. आता मोतीबिंदू झालाय, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. म्हणून झीपारला बोलावलं. मीच बोलावलं, कुणी मागं लागलं नव्हतं. झीपार म्हणजे माझी सून, एर्निसची बायको – थंडीच्या आधी शहर सोडून परत आलेत दोघं, दोन घरं सोडून राहतात, दोन मुलगे आहेत त्यांना. बेगायिम मला आई म्हणते, तिला वहिनी. तर पहिल्या दिवशी आईनं पुस्तक हातात घेतलं – वहिनीनं. वहिनीनं म्हणायचं होतं मला.

असं बघू नका बाई. तुमच्या तलास भागातही पहिलं नातवंड आजीआजोबांनाच देतात ना? माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात एर्निस म्हणाला, “आई, घर सुनं नको, हिला तू वाढव.” बेगायिम अकरा महिन्यांची होती. आणि झीपार? वीस वर्षांची सून, ती काय बोलणार? पोरीला घेऊन माझी मोटार निघाली तेव्हा ती फाटकाशी उभी होती, झगा पुढून दुधानं भिजलेला – ते पाहिलं मी. पाहिलं आणि काच वर केली. थंडी होती हो. पोरीला बाधली असती.

असो. वाचनाचं सांगत होते. पहिले चार-पाच दिवस झीपार पाठ म्हटल्यासारखी वाचायची – मान खाली, एक डोळा माझ्याकडं. मग सुटली. ती म्हातारीची गोष्ट आहे ना तुमच्या पुस्तकात, हरवलेली बकरी शोधत डोंगर चढते ती – म्हातारीचा खोकला काय काढायची, लांडग्याचा आवाज काय काढायची! पोरगी पोट धरून हसायची. मी इथं लोकर विंचरत बसायचे, मलाही गोडी लागली. पोरगी आधी हातभर लांब बसायची, मग खांद्याला टेकून, मग सरळ मांडीतच. आणि रोज तीच गोष्ट – “वहिनी, म्हातारीची वाच.” शेवटी बकरी सापडते, तिथं म्हातारी म्हणते, “ये, माझ्या शिंगरा, किती शोधलं मी तुला.” हे वाचताना झीपारचा आवाज – कसं सांगू – अगदी खाली यायचा, जमिनीला टेकायचा. आठवडाभर ऐकलं मी. मग डोक्यात आलं, बकरीला कुणी शिंगरू म्हणतं का? शिंगरू म्हणतो आपण पोटच्या लेकराला. या घरात ते मी म्हणते. मीच म्हणते.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेल्यावर नवऱ्याचं भिंग शोधून काढलं, खिडकीशी बसले, एकेका शब्दावर बोट ठेवून पान वाचलं. नाही हो ती ओळ पुस्तकात! म्हातारी बकरीला दोर बांधते आणि दोघी घरी येतात – संपलं. माझ्या घरात, माझ्या देखत, माझाच चहा पिऊन! संध्याकाळी आली तशी दारातच म्हटलं, “आजपासून नको येऊस. गाय व्यायला झालीय तुमची, तिच्याकडं बघ. मी वाचेन.” तिनं बूटसुद्धा काढले नव्हते. म्हणाली, “बरं, आई.”

आणि वाचलं मी, भिंग धरून. पोरगी समोर मांडी घालून बसली, परक्याच्या घरी बसतात तशी. शेवटाला आले, बकरीला दोर बांधला, दोघी घरी आल्या. तर म्हणते, “आई, एक राहिलं.” म्हटलं, “काही राहिलं नाही. ते पुस्तकात नाहीच.” तर ही नऊ वर्षांची पोर मला म्हणते, “माहितेय मला. मी रोज ओळीवर बोट ठेवून ऐकायचे.” “मग बोलली का नाहीस?” “बोलले असते तर तिनं म्हणायचं बंद केलं असतं.” तिनं! वहिनीनं नाही म्हणाली, तिनं म्हणाली. पुस्तक मिटलं, फळीवर ठेवलं आणि मला चहा ओतायला उठली. तेव्हापासून वाचू देत नाही. “राहू दे आई, डोळे दुखतील तुझे.” गोड बोलते हो. तेच तर! आदळआपट केली असती तर दोन धपाटे घातले असते, मोकळी झाले असते.

परवा गेले होते झीपारकडं. सासू सुनेच्या दारात, विनवायला – एर्निस बघतच राहिला. झीपार टोपलीत गोवऱ्या भरत होती. म्हटलं, “चल गं, पोरगी वाट बघतेय.” वर न बघता म्हणाली, “नको, आई. आधी एकच ओळ होती. आता तोंड उघडलं तर मला थांबता यायचं नाही.” आठ वर्षांत एवढं कधी बोलली नव्हती माझ्याशी. आले परत. काय सांगणार होते तिला – थांबू नकोस म्हणून? तिला दोन मुलगे आहेत. मला कोण आहे? सांगा ना. मला कोण –

रडत नाही मी. काय? शुक्रवारी? शाळेत सगळ्यांसमोर, मुलांनी आपापल्या आईबरोबर वाचायचं? आणि बेगायिमनं नाव दिलं? तिचं तिनं? कुणाबरोबर – दाखवा तो कागद. नको, मला दिसायचं नाही, तुम्ही वाचा. नाही. नका वाचू. तुमच्या तोंडावर दिसलं मला, तेवढं दिसतं अजून.

आणि झीपार हो म्हणाली? आज सकाळी? पोरगी शाळेला जाताना तिच्याकडं गेली होती?

म्हणून लवकर निघाली होय.

येईन मी शुक्रवारी. मागं बसेन, कोपऱ्यात. पण सगळ्या गावासमोर झीपारनं ती ओळ म्हटली ना, तर मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही, तुम्ही विचारू नका.

फाटक वाजलं. आली ती. उठा बाई, गोठ्याकडच्या दारानं जा – राहू द्या तो चहा, जा. तुम्हाला इथं पाहिलं तर ती मला शुक्रवारचं काहीतरी विचारेल.