कुठल्या गल्लीत?

केइको वहिनी, आणि जमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आज बोलणं जड जातंय. वहिनींच्या शेजारी बसून झुबेदाभाभी त्यांना इंग्रजीत सांगताहेत, म्हणून सावकाश बोलतो. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. जड गेलं की प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्याही लक्षात आलं असेल: अणुबॉम्बवर वाद रंगला की माणसं देशांची नावं घेतात, क्षेपणास्त्रांचा पल्ला सांगतात. गल्लीचं नाव कुणीच घेत नाही. असं का?

प्रश्न माझा नाही, वहिनींच्या यजमानांचा, तनाकासानांचा. ते इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात मालाची तपासणी करत आणि अल नहदात आमच्याच मजल्यावर राहत. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते आईच्या कडेवर होते. थोरली बहीण शाळेतल्या मुलींबरोबर शहरात घरं पाडायच्या कामावर गेली होती, उद्या हवाई हल्ल्यात आग लागली तर पसरू नये म्हणून. कुठल्या गल्लीत, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. आई शोधत राहिली. मुलगी सापडली नाही.

आपल्या मराठी मंडळाने त्यांना दर ऑगस्टला बोलावलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, समई त्यांच्या हातून लावली. मग निःशस्त्रीकरणावर आपणच कडाकडा भांडलो, आणि शेवटी त्यांना म्हणालो, "आता तुमचे दोन शब्द, जेवण गार होतंय." दर वर्षी. प्रमुख पाहुणे, आणि दोन शब्द. वैतागू नको तर काय करू?

एकदा आपले सचिव कुलकर्णी त्यांना म्हणाले, "सान, अपने पास भी है. एक डालेंगे, खलास."

तनाकासानांनी कारखान्यात शिकलेल्या हिंदीत विचारलं, "कौन सी गली में?"

"गली क्या, पूरा शहर."

"हां. लेकिन पहले कौन सी गली?"

सगळे हसले. ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले. आपण ताटं घेतली.

आता नीट पाहा, यात किती सुंदर तर्क आहे. मंदी आली, कंपन्या म्हणाल्या, काही माणसं कमी होतील. तेव्हा आपण एकूण आकडा विचारला का? आपण विचारलं, कोण? कुठला विभाग? आकड्यावर माणूस वाद घालतो, नावापाशी थांबतो. एवढंच ते शिकवत होते. एवढंच.

आज दारातच कुलकर्णी मला म्हणाले, "सर, शोकसभा आहे, आज बॉम्ब नको." अहो, मग कधी? इस्पितळात तनाकासानांनी मला शेवटचं काय विचारलं, ठाऊक आहे? "कुलकर्णीसान को गली मिली?"

आता आपण श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभे राहू. या शांततेत एक प्रयोग करा. बॉम्बच्या बाजूचं तुमचं आवडतं वाक्य मनात म्हणा. शत्रूच्या शहराच्या जागी आपली गल्ली घाला: गावाकडची, नाहीतर इथली इमारत, जिच्याखाली सकाळी मुलं शाळेच्या बसची वाट पाहतात. वाक्य पूर्ण होतं का, बघा. अडलं, तर निघताना वहिनींना त्या गल्लीचं नाव सांगा. त्यांना उत्तर घेऊन घरी जायचं आहे.

कुलकर्णी, तुम्हीही. सावकाश. चहा गार झाला तरी चालेल.