दुर्गाची सत्तेचाळीस मिनिटं

हेमेंद्र: गायब काही नाही केलं, वहिनी. फक्त खाली, रिकाम्या जागा काढल्या. टेपची स्पूल होती सत्तेचाळीस मिनिटांची, त्यात आवाज निघाला एकोणीस मिनिटं. बाकी सन्नाटा. लोक पेनड्राइव्ह घरी नेतात आणि मग फोन करतात, भैया, बीच में चलता ही नहीं. म्हणून मी सगळ्यांचंच साफ करून देतो.

अवंतिका: पण मूळ आहे ना तुमच्याकडे?

हेमेंद्र: महिनाभर ठेवतो. आहे कंप्यूटरमध्ये. बेबीला जरा त्या वायरींपासून लांब घ्या.

अवंतिका: आई, अंतराला मांडीवर घेता? तोंड तुमच्याकडे करून. पाठ स्पीकरकडे.

शालिनीताई: पाठ कशाला? इथे दाना ओलीतल्या दुकानात येऊनही सुरू झालं का तुझं? काय सांगू हेमेंद्र, घरी दिवसभर हेच. पोर खेळत असली की आमच्या सूनबाई मागून ताट वाजवतात. चौदा महिन्यांची तर आहे. माझा सौरव, हिचा बाप, अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आज वकिली करतो.

हेमेंद्र: आमची स्मृतीपण उशिरा बोलली, काकू. अब चुप नहीं होती.

अवंतिका: हेमेंद्रजी, तुम्ही स्पूल पूर्ण ऐकलीत ना? काय वाटलं?

हेमेंद्र: मी तर साफ केल्यावरची ऐकली. काकूंचे सासरे आहेत, गोपाळकृष्णजी. सुरुवातीला तारीख सांगतात, बहात्तर सालची. मग लेकीला बोलायला शिकवतात. दुर्गा, नाव सांग. दुर्गा, नाव सांग. बुरा मत मानना, पण थोडे गरम दिमाग वाटले. पोरीला श्वास घेऊ देत नाहीत. मध्ये आरती आहे थोडी.

शालिनीताई: मामंजी गरम डोक्याचे? जन्मात आवाज चढवला नाही त्यांनी.

अवंतिका: तुम्ही नेहमी हेच सांगता, म्हणून तर आले मी. घरी ऐकलं तेव्हा मलाही ते चिडल्यासारखे वाटले. पुन्हा पुन्हा ऐकलं. प्रश्न एकवीस वेळा आहे, उत्तर एकदाही नाही. आणि ती आरती नाहीये. आरतीला कोणी असं वाजवत नाही. एक ठोका, मग हाक. परत एक ठोका, मग हाक. मी रोज हेच करते, आई. तेच ताट, तोच डाव.

शालिनीताई: पन्नास वर्षांची टेप आहे ती. त्यात काहीही ऐकू येईल.

अवंतिका: गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं, घरात जन्मापासून कोणाला ऐकू येत नव्हतं का. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नाही म्हणालात, मी फॉर्मवर ‘नाही’ असं लिहिलं. तेवढंच धरून सौरव म्हणाला, मग एवढ्याशा पोरीला औषध देऊन झोपवायचं आणि तपासणी करायची, हे कशाला? दिवाळीनंतर बघू. डॉक्टर सांगत होते की या वयात एकेक महिना महत्त्वाचा असतो. तो उठून गाडी काढायला गेला. मला त्याच्याशी भांडायचं नाहीये. तेवढं बळ अंगात उरलं नाही. हेमेंद्रजी, मूळ लावा.

हेमेंद्र: सहाव्या मिनिटापासून लावतो. तिथून लंबे गॅप आहेत.

(स्पीकरमधून एका पुरुषाचा शांत आवाज: ‘दुर्गा. नाव सांग, बाळ.’ मग बराच वेळ नुसती खरखर. ताटावर एक ठोका. पुन्हा खरखर. ‘दुर्गा.’)

हेमेंद्र: अरे. हे तर चिडलेले नाहीतच. थांबताहेत. किती थांबताहेत.

अवंतिका: अंतरा वळली का?

शालिनीताई: पदराच्या पिनेशी खेळतेय माझ्या.

अवंतिका: ताट वाजलं तेव्हा?

शालिनीताई: नाही.

हेमेंद्र: मी बाहेर बसू का, काकू?

शालिनीताई: बस रे इथेच. मशीन कोण बघेल? माझ्या माहेरी लग्नाआधी सांगितलं होतं, नणंद, म्हणजे दुर्गा, लाजाळू आहे. दहा वर्षांची होती तेव्हा. आठ दिवसांत कळलं मला. बोलायला लागलं की ती माझ्या ओठांकडे बघायची, डोळ्यांकडे नाही. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, घरातलं घरात ठेवायचं. मग माहेरी कोणी विचारलं की मीही लाजाळूच सांगायचे. सांगता सांगता ती मला लाजाळूच वाटायला लागली.

अवंतिका: सौरव म्हणतो, आत्या अकरा वर्षांची असताना खासगी बाजाराच्या रस्त्यावर टेम्पोखाली येऊन गेली. टेम्पो मागे घेत होते आणि ड्रायव्हरने हॉर्नच दिला नाही.

शालिनीताई: दिला होता.

अवंतिका: आई?

शालिनीताई: पोलिसांसमोर हात जोडून सांगत होता बिचारा, तीनदा दिला म्हणून. आम्ही त्याला खोटारडा म्हटलं. सगळ्यांनी. मघाशी मी म्हणाले ना, मामंजींनी जन्मात आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला होता.

अवंतिका: मग गुरुवारी का नाही सांगितलंत? माझी मुलगी समोर बसली होती.

शालिनीताई: तोंडातून आपोआप निघालं, नाही म्हणून. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे गं. रात्री वाटलं रडू येईल. तेही आलं नाही.

अवंतिका: मलाही येत नाही.

हेमेंद्र: वहिनी, मग पेनड्राइव्हवर कुठली टाकू?

शालिनीताई: ही टाक. आहे तशी, त्या जागांसकट. आणि अवंतिका, सौरवला फोन लाव. मी बोलते. फॉर्मवर दुर्गाचं नाव लिहायचंय, सांगते त्याला. तुझे सासरे विश्वासराव आता नाहीत, त्यामुळे तिला ओळखणारी मीच उरले. डॉक्टर विचारतील ते सांगीन. आणि औषध पाजताना अंतराला मी धरीन, तू पाज.

अवंतिका: उचलत नाहीये. कोर्टात असेल.

शालिनीताई: मग बसू. तो करेल फोन.

हेमेंद्र: काकू, इथून पुढे चार मिनिटं काहीच नाही. तोवर बंद करू?

शालिनीताई: चालू राहू दे. मामंजी अजून थांबलेत.