शिट्टीबंद

शिवयोगी : आधी मला सांगा, ह्याला आमटीचा वास कसा काय यायलाय?

संगप्पा : वासाचं सोड. तू आत बघ.

शिवयोगी : आत बघायला फडकं सोडावं लागंल की. अरारारा! साडूभाऊ, हा तर शिट्टीबंद! तुमचाच डबा! ह्याची काय दशा केली कुणी?

महानंदा : आनि कोण करणार? काल माझ्या आमटीच्या पातेल्यात उकळला ह्यांनी त्याला. त्याच्या आधी रॉकेलात बुडवला. त्याच्याबी आधी एका जुन्या डब्यावर छिन्नी-हातोडा चालवून बघितला. त्याचा भुगा अंगणात पडलाय, कोंबड्या टोचायल्यात.

संगप्पा : तू गप बस गं. तांत्रिक बोलणं चाललंय.

शिवयोगी : उकळला कशापायी?

संगप्पा : राळ निघंना म्हणून.

शिवयोगी : कुठली राळ? ती काळी? तुमीच ओतलेली? जयंतीच्या मंडपात तुमी माइकवर सांगितलं हुतं, "ही राळ एकदा बसली की आतलं सर्किट ब्रह्मदेवाच्या बापाला दिसायचं न्हाय." समदी माणसं माझ्याकडं वळून बघायलती, साडूभाऊ.

संगप्पा : म्हनलं आसंल. मंडपात माणूस बोलतो काय तरी.

महानंदा : अवं, तसं न्हाय. नीट सांगा की. भावजी, डबा आपल्या हुणाऱ्या व्याह्याचा हाय. मोहोळच्या सिद्धारामअप्पांचा. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा म्हायतीय न्हवं तुमाला?

शिवयोगी : म्हायतीय की. गेल्या निवडणुकीत समद्या पार्ट्यांचं भाषण त्यांच्याच कर्ण्यावरनं.

महानंदा : तर ह्यो डबा लावला की माइक कर्ण्याजवळ नेला तरी कुईंऽ करून वरडत न्हाय, म्हणून त्यांनी ह्यांचं नाव तालुकाभर केलं. पोरगी मागायलाबी त्याच ओळखीवर आले. आनि परवा सुवर्णाचं लगीन, आनि हिकडं डबा बंद, कर्णा परत वरडाया लागला.

शिवयोगी : मग नवा करून द्या. तुमीच बनवलाय की.

संगप्पा : आयसी एकच शिल्लक हाय, तो ह्यात हाय. मुंबईस्नं आणायला वेळ न्हाय.

शिवयोगी : बरं, आयसी ह्यातला काढून नव्यात घाला.

संगप्पा : नव्यात काय काय घालायचं, ते...

शिवयोगी : ते काय?

संगप्पा : ते आठवंना.

शिवयोगी : तुमी लिहून न्हाय ठिवलं?

संगप्पा : लिहिलं की चोरी हुती. मी डोक्यात ठिवलं हुतं.

महानंदा : आनि डोक्यावर राळ ओतली.

शिवयोगी : हाहाहा! अक्का, तुमी माझ्या दुकानात आलाव, लई बरं वाटलं बघा. पण मी काय करणार? ही राळ कशी काढत्यात, मला गरिबाला काय म्हाईत? मी आपला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

महानंदा : भावजी.

शिवयोगी : शपथ.

महानंदा : तुमची शिवू म्हनली, तुमच्या राळेच्या वासानं घरात भाकरी गोड लागंना. अंगणात चूल मांडलीय म्हनली तिनं.

संगप्पा : शिवू म्हनली? तुझी भैन? तुला कवा भेटली ती?

महानंदा : बाजारात भेटती. देवळात भेटती. पावसाळ्यात तिच्या घरीच भेटती, ह्या दुकानावरच्या माडीवर, बाजारात चिखल असतो.

संगप्पा : ह्या भांडणाला तीन वरसं झाली! मी तुला सांगितलं हुतं, त्या घराचं नाव काढायचं न्हाय!

महानंदा : मी कुटं नाव काढलं? गेले आनि आले. भांडण तुमा दोघांचं. आमी भैनी कवा भांडलो?

शिवयोगी : माझ्याबी घरात येत हुताव, अक्का? मला कसं दिसलं न्हाय?

महानंदा : तुमी मागल्या खोलीत दार लावून राळ काढत असायचाव.

संगप्पा : म्हंजे काढत हुता! कबूल झालं! चोर! मी तवाच म्हनलो हुतो, ह्यो माझं डबे बाजारातनं घेऊन फोडतोय आनि नक्कल करतोय! यप्पा, ह्याच्या ताटात मी जेवलोय!

महानंदा : मग उठायचं का? जाऊन सिद्धारामअप्पांना सांगू, डबा बनवणाऱ्यालाच उघडता येत न्हाय.

संगप्पा : थांब. शिव्या मी मागनं देतो. आधी राळ.

शिवयोगी : अक्का, त्या कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवा जरा. वर ती कढई ठिवा.

महानंदा : हिच्यात वाळू हाय की!

शिवयोगी : फुटाणेवाल्याकडली. बारीक हाय, सगळीकडनं सारखी तापती.

संगप्पा : माझ्या सर्किटाचं फुटाणं करतोस काय रे?

शिवयोगी : वाळूत पुरायचा न्हाय. वर हे पत्र्याचं झाकण ठिवायचं, त्यात सर्किट. आनि बाजूला हा जोडकामाच्या सोल्डरचा तुकडा टाकायचा. तुकडा पाघळाया लागला की समजायचं लई तापलं, आतलं पाय सुटत्याल. त्याच्या आधीच राळ मऊ पडती.

संगप्पा : हे कुणी शिकवलं तुला?

शिवयोगी : तुमच्याच डब्यांनी. पहिला जळाला. दुसऱ्यातलं सगळं सुटून झाकणात पडलं. मग जमाया लागलं.

संगप्पा : किती डबं उघडलंस?

शिवयोगी : हिशेब करत बसलो तर वाळू जास्त तापंल, साडूभाऊ. खिडकी उघडा.

(दुकानात राळेचा उग्र वास. संगप्पा नाकाला उपरणं लावून कढईवर वाकलेला.)

संगप्पा : मऊ झाली. दे ती सुरी हिकडं.

शिवयोगी : सुरी न्हाय! लोखंड लावलं की खालच्या तांब्याच्या रेषा खरवडून निघत्यात. ही बांबूची कामटी घ्या. न्हाय, तुमी नका घेऊ. तुमी छिन्नीवालं. मीच काढतो. बघा, कडंनं घुसवायची, हळूच उचलायची. गरम चिक्की ताटातनं सुटावी तसं. ही निघाली एक पोळी.

महानंदा : अगंबाई, आत किती रंगीबेरंगी हाय! बांगड्यांच्या दुकानागत.

शिवयोगी : ह्यो लाल कंडेन्सर. अक्का, ह्या लाल कंडेन्सरनं माझं डोस्कं खाल्लं. सोलापुरात मिळत न्हाय. दर खेपेला कुणी मुंबईला जाणारा गाठून, हातापाया पडून मागवतो. साडूभाऊ, आता खरं सांगा, ह्याची रेष अशी फिरून फिरून परत ह्याच्याच पायाशी कशी येती? मी लई इचार केला. मला वाटलं, हितंच तुमची खरी करामत हाय.

संगप्पा : ती व्हय? ती करामतच हाय.

शिवयोगी : काय काम करतो ह्यो?

संगप्पा : काय न्हाय.

शिवयोगी : काय न्हाय म्हंजे?

संगप्पा : नुसता बसलाय. चोरासाठनं बसवलाय.

शिवयोगी : आनि हे तीन निळे रेझिस्टर?

संगप्पा : तेबी चोरासाठनं.

शिवयोगी : आनि ही तांब्याची गुंडाळी? ही मी घरी हातानं गुंडाळतो, साडूभाऊ! शिवू वेढं मोजती, मी गुंडाळतो! एकदा तिला मधेच शिंक आली तर पहिल्यापासनं गुंडाळली!

संगप्पा : ती शोभेची हाय.

महानंदा : अवं, हसू नका एवढं, ठसका लागंल.

संगप्पा : हसू नको तर काय करू? सांग की रे, तुझा डबा शिट्टी मारतो का न्हाय?

शिवयोगी : थोडी मारतो.

महानंदा : थोडी? शिवू म्हनली, कुंभारीच्या लग्नात अशी मारली की नवरदेवाचं घोडं त्याला घिऊन बोरामणीच्या वाटंला लागलं.

शिवयोगी : समदं सांगती व्हय ही शिवू? पण साडूभाऊ, एक सांगा. खोटं समदं मी घातलं, तसं खरंबी समदं घातलंय. मग शिट्टी का मारतो?

संगप्पा : खरं समदं तुला दिसलंच न्हाय. एक बारका रेझिस्टर मी आयसीच्या पोटाखाली लपवलाय. गव्हाच्या दाण्याएवढा. तो... तो... अय्यो! आयसीभवतीची राळ कुटं टाकलीस?

शिवयोगी : खाली. पोळ्या समद्या खालीच टाकल्या.

संगप्पा : अरे, तो राळेबरोबर उचलून आला आसंल! आता ध्यानात आलं. दर खेपेला तो राळेत अडकून निघत आसंल आनि तू...

शिवयोगी : आनि मी दर खेपेला झाडून टाकत हुतो.

महानंदा : दोघंबी जागचं हलू नका! पाय उचलू नका. हितं सगळं काळंच काळं पडलंय. ही न्हाय. ही न्हाय. ही बघा, ह्या पोळीच्या पाठीला काय तरी चिकटलंय. तांदळात खडा असतो तसं.

संगप्पा : हाच! हाच तो! माझे आई!

शिवयोगी : दाखवा. हां, बघा साडूभाऊ, भिंगातनं बघा. आता मोडल्यालं न्हाय हे. पायाचं टोक काळं पडलंय, म्हंजे लई आधी तुटलंय. राळ सुकताना आवळती, वर ऊन-थंडीनं ओढती. डबा तुमच्या राळेनंच बंद पाडला.

संगप्पा : माझ्याच राळेनं?

शिवयोगी : तुमच्याच.

संगप्पा : म्हंजे बाकीचं डबंबी...

शिवयोगी : एकेक करून येत्याल परत. पार अक्कलकोटापासनं.

महानंदा : आता त्वांड पाडून बसू नका. ते येत्याल तवा येत्याल. ह्याचं बोला.

शिवयोगी : आयसी उचलावा लागंल. आठी पायांचं सोल्डर काढायचं, हा दाणा खाली बसवायचा, परत आयसी टाकायचा. माइकच्या वायरीवरची ही तांब्याची जाळी हाय न्हवं, ती पायावर ठिवून वरनं गरम खिळा टेकवला की सोल्डर ती पिऊन घेती. पण दाणा कुटं जोडायचा?

संगप्पा : ते मला आठवतंय.

शिवयोगी : नक्की?

संगप्पा : लपवलेली वस्तू माणूस इसरत न्हाय. बाकीचं इसरतो. मी जोडतो, दे खिळा.

शिवयोगी : डोळं बघा तुमचं. लाल झाल्यात, दाणा दिसायचा न्हाय.

संगप्पा : रात्रभर झोप न्हाय रे. डोळं मिटलं की सिद्धारामअप्पा दिसायचा. माइक धरून उभा, समद्या वऱ्हाडाम्होरं, आनि डबा बंद. पोरगीला उद्या सासरी कुणी बोललं, तुझ्या बापाचा डबा असा न् तुझा बाप असा... बरं, तू जोड. मी सांगतो.

शिवयोगी : सांगा.

संगप्पा : तिसरा पाय. न्हाय, त्या अंगानं न्हाय, खाचेच्या अंगानं मोज. हां. एक टोक तितं. दुसरं सहाव्याला. लई वेळ धरू नको खिळा, आयसी भाजंल.

शिवयोगी : मला शिकवताव?

संगप्पा : शिकवत न्हाय. घाबरतोय.

शिवयोगी : झालं. फुंकर मारू नका, आपोआप थंड हुतंय. चांगलं चकाकलंय बघा. साडूभाऊ, तुमी लपवलं मात्र झकास हां. तीन वरसं मी नाकाम्होरं बघत हुतो.

संगप्पा : आनि तू राळ काढलीस मात्र दुधावरची साय काढावी तशी. मला जमलं नसतं. खोटं कशाला बोलू?

महानंदा : झालं का कौतुक? आता लावून बघा.

शिवयोगी : माइक हा. कर्णा दारावर हायच. अँप्लिफायर तापू द्या जरा. हां, बोला.

संगप्पा : हॅलो. हॅलो. एक, दोन. हॅलो.

शिवयोगी : कर्ण्याखाली जावा. अजून जवळ. अजून. धरा थेट कर्ण्याच्या तोंडाला. हाय का शिट्टी?

संगप्पा : न्हाय! शिवयोगी, न्हाय रे! जरासुद्धा न्हाय!

शिवयोगी : सुटलं लचांड. मग, राळ ओतायची का परत? डबाभर पडलीया माझ्याकडं.

संगप्पा : नको. साधं झाकण लाव. स्क्रूचं. उद्या बिघडलं तर कुणाला तरी उघडता आलं पायजे.

शिवयोगी : बरं. घेऊन जावा. व्याह्यांना नमस्कार सांगा.

संगप्पा : तसं न्हाय. परवा तूबी ये.

शिवयोगी : डबा सांभाळायला?

संगप्पा : डबा सांभाळायला मी हाय की. तू पुढं बस, पाव्हण्यांत. सुवर्णा घरात दोनदा बोलली, चिक्कप्पा, म्हंजे तू, न्हाय आला तर मावशीबी यायची न्हाय. मी ऐकून न ऐकल्यागत केलं. तुला काय कापडं घालायची ती घालून ये, पण ये.

शिवयोगी : मी... शिवूला इचारतो.

महानंदा : तिला काय इचारायचं? द्या तो माइक हिकडं. बटण कुटलं? हे? शिवू... शिवू, माडीवर हाईस न्हवं? अक्का बोलतीया. खाली ये बाई. सुवर्णाला बांगड्या भरायच्यात. कासारीण आमच्या घरी सकाळपासनं बसलीय, पण तू आल्याबिगर पोरगी हात पुढं करंना.