दुसऱ्या विमानासाठी उजळणी

अबू धाबी विमानतळावर चेक-इनची रांग हलायचं नाव घेईना. रुचाच्या पुढे एक आजी मुलाची बाही घट्ट धरून उभ्या होत्या.

"आई, युरोपात बदलायचंय ते विमान छोटं असतं. तिथे पाणीसुद्धा विकत. कुणी काही विचारलं तर?"

"नो थँक्यू."

"शाब्बास."

"धनू, दुसरं विमान चुकलं तर रे?"

"नाही चुकत, इन्शाल्ला. उतरल्यावर ताई आहेच."

"तिच्या बाळंतपणाचे लाडू काढून घेतले तर?"

"आई, हात किती गार पडलाय तुझा! माझाही व्हिसा आहे. बॉसला फोन करतो, तिकीट काढतो. येऊ सोबत?"

आजींनी बाही सोडली.

"नो थँक्यू."