रिंकच्या खालचे खांब

मॉर्वेना : मग हिशेबच सांग, जोरी. उद्या ग्रीनवुडच्या संघाशी खेळलास तर तुझ्या पदरात काय?

जोरी : वरचं काम. खाण बंद होईपर्यंत दिवे पुसत बसायचं. आइस हॉकीच्या संघातल्या कुणालाच खाली धाडत नाहीत.

मॉर्वेना : मग सकाळपासून चेहरा का उतरलाय?

जोरी : काल रात्री बर्फ करायला रिंकवर पाणी सोडलं. गोठलं तेव्हा आरशासारखं सपाट होतं. सकाळी बघतो तर मधोमध खळगा. जमीन खचतेय, मॉर्वेना. खालीच तर आमची खोदाई. डोंगर तोलायला तांब्याच्या खडकाचे खांब न खोदता सोडले होते, आता तेही कापताहेत. दुसरं उरलंय काय?

मॉर्वेना : मॅनेजरसाहेबांना सांगितलंस?

जोरी : सांगितलं. म्हणाले, उन्हाळ्यात गाव उठणारच आहे, शेवटचा सामना तेवढा होऊ दे. वर हसले. ढिगाऱ्याखाली अडकल्यापासून तुला जिकडेतिकडे तडे दिसतात, म्हणे.

मॉर्वेना : दिसतात?

जोरी : दिसतात. या भिंतीतही. म्हणून तर माझाच माझ्यावर भरवसा नाही. उद्या तू येऊ नकोस. टॅम्सिनलाही आणू नकोस.

मॉर्वेना : आपली पोर घरात, बाकीच्यांची बाकांवर. वा रे कप्तान.

जोरी : बोललो तर सोमवारी मला खाली उतरवतील. त्या अंधारात माझा श्वास...

मॉर्वेना : ठाऊक आहे. झोपेत हातपाय झाडतोस तेव्हा तुला मीच धरते ना.

(दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला.)

मॉर्वेना : जेवायला ठेवलेली पेस्टी गार झाली. काय झालं?

जोरी : संघातल्या पोरांना सांगून टाकलं. एकही बर्फावर उतरला नाही. ग्रीनवुडवाले न खेळताच चषक घेऊन गेले. लोक माझ्या अंगावर थुंकले. पेंगेली खाटीक म्हणाला, खाली जाताना हात धरायला बायकोला ने.

मॉर्वेना : आणि बर्फ?

जोरी : जागच्या जागी. तासभर बघत उभा होतो. खरं सांगू? वाटत होतं, पडावा एकदाचा.

मॉर्वेना : असं बोलू नये.

जोरी : शेवटी मॅनेजर आले. खळग्यातल्या भेगेत काठी घातली, ती निम्मी आत गेली. मग हसले नाहीत. रिंकला कुलूप घातलं. खाली लाकडी टेकू लावायला सांगितलं. डोंगर बसला तर उरलेलं तांबंही जाईल ना.

मॉर्वेना : म्हणजे ग्रीनवुडला चषक, कंपनीला तांबं. आणि पेंगेलीला तुला शिव्या द्यायला जीव राहिला.

जोरी : हं.

मॉर्वेना : टेकू लावायला कोण उतरतंय?

जोरी : सोमवारी डबा जरा लवकर भर.